गोठवणाऱ्या थंडीतला कॅमेरा

हिमबिबट्याच्या ओढीने भर हिवाळ्यात स्पितीतील किब्बर किंवा लडाखमधील हेमिस राष्ट्रीय उद्यान गाठणाऱ्या छायाचित्रकारांत मराठी मंडळीही असतात. तेथे रात्रीचा पारा उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली जातो, तर बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ० ते ४० अंश एवढीच मर्यादा दिलेली असते. ती ओलांडल्यावरही कॅमेरा सहसा चालतो. मात्र त्याचा प्रत्येक भाग थंडीला वेगळा प्रतिसाद देतो.

सेन्सरला, म्हणजे प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणाऱ्या सिलिकॉनच्या चकतीला, थंडी मानवते. उष्णतेमुळे प्रकाश नसतानाही तिच्यात क्षीण विद्युतप्रवाह वाहतो आणि चित्रात रवाळ ठिपके उमटतात. तापमान साधारण सहा ते आठ अंशांनी उतरले की हा प्रवाह निम्म्यावर येतो, आणि म्हणूनच खगोलशास्त्रज्ञ आपले सेन्सर मुद्दाम थंड ठेवतात.

खरी कोंडी बॅटरीची होते. लिथियम-आयन बॅटरीत विद्युतभारित कण एका द्रवातून ये-जा करतात. थंडीत हा द्रव दाटतो, कणांची गती मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि विद्युतदाब घसरल्यामुळे बॅटरी संपली असे समजून कॅमेरा बंद पडतो. वस्तुतः ऊर्जा आतच असते, त्यामुळे तीच बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवून उबदार केली की पुन्हा काम देऊ लागते. गोठणबिंदूखालच्या बॅटरीला चार्जिंग लावणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण अशा वेळी लिथियम ग्राफाइटच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपाने साचते आणि ही हानी भरून येत नाही.

उघड्या धातूचाही धोका असतो: स्कॉट यांच्या १९१०–१३ च्या अंटार्क्टिका मोहिमेतील छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग यांची जीभ कॅमेऱ्याच्या धातूला चिकटली होती. बर्फात प्रकाशाचा अंदाजही चुकतो: प्रकाश मोजताना कॅमेरा पांढऱ्या बर्फाला करडा ठरवतो, म्हणून एक ते दोन टप्पे (स्टॉप) अधिक प्रकाश द्यावा.

सर्वाधिक नुकसान मात्र थंडी संपते तिथे, उंबरठ्यावर होते. बुखारी, म्हणजे घर उबवणारी शेगडी, पेटलेली आणि चहा उकळत असलेल्या खोलीतल्या हवेत भरपूर बाष्प असते. बाहेरून आलेल्या गारठलेल्या कॅमेऱ्याला ही हवा लागताच ते बाष्प भिंगांवर आणि आतल्या विद्युतमंडलांवरही दव होऊन बसते. लगेच पुन्हा बाहेर गेल्यास त्याचे हिम होते. आणि पुसल्याने आतला ओलावा निघत नाही, तो तसाच घेऊन कॅमेरा मुंबई-कोकणच्या दमट हवेत परतला, तर भिंगांवर बुरशी धरण्यास तेवढेच निमित्त पुरते. यावरचा उपाय अगदी साधा आहे. बाहेरच्या कोरड्या हवेतच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा, म्हणजे दव पिशवीच्या बाह्य पृष्ठभागावर जमते, आणि कॅमेरा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे एक-दोन तास, तिला हात लावू नये. दिवसभराची छायाचित्रे पाहण्याची घाई अनावर होणार असेल, तर मेमरी कार्ड आणि बॅटरी पिशवी बंद करण्यापूर्वीच काढून खिशात घ्यावी.