घर ओढणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज

अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी लागली की हायवेवर गाड्यांच्या मागे छोटी छोटी घरं धावू लागतात. दोघांना झोपता येईल एवढी जागा, मागचं झाकण उचललं की ओटा, त्यावर शेगडी, कोपऱ्यात पाण्याची टाकी. असा कॅम्पिंग ट्रेलर जोडून यलोस्टोन किंवा ग्रँड कॅनियन गाठणाऱ्यांत आता तिथे राहणारी मराठी कुटुंबंही असतात. पहिली टाकी संपली की बहुतेकांना धक्का बसतो. एरवी लिटरला साडेबारा किलोमीटर जाणारी गाडी आठच्याही खाली आलेली असते. मग संशय दोघांवर जातो. एक, ट्रेलरचं वजन. दोन, पंपावर भरलेलं पेट्रोल. महागातलं भरायला हवं होतं का?

सपाट रस्त्यावर या दोघांचा दोष फार थोडा असतो. खरं पेट्रोल खाते ती हवा.

एक अंदाजी हिशेब मांडून पाहू. गाडी मध्यम आकाराची एसयूव्ही, वजन 1,900 किलो. मागचा ट्रेलर 900 किलोचा, आत माणूस ताठ उभा राहू शकेल इतका उंच. वेग ताशी 65 मैल, म्हणजे 105 किलोमीटर. ट्रेलरच्या वजनामुळे टायरचं घर्षण वाढतं, पण त्यासाठी गाडीला जास्तीचा जोर लागतो तो नऊ किलोचं पोतं उचलण्याइतका. त्याच ट्रेलरला हवेतून ओढण्यासाठी लागणारा जोर मात्र पन्नास किलोंच्या घरात जातो. एकट्या गाडीला या वेगाने पळायला एकूण 65 किलोंचा जोर पुरत होता, तो आता सव्वाशेवर गेला. वजनाचा वाटा त्यात किरकोळ आहे. ट्रेलर घेताना माणसं किलो विचारतात. त्यांनी आधी उंची आणि रुंदी विचारावी, असं मला मनापासून वाटतं.

हवा नेमकी कुठे आपटते हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मुक्कामी पोहोचल्यावर ट्रेलरच्या पुढच्या भिंतीवर चिकटलेले किडे पाहावेत. गाडीच्या टपाच्या वर डोकावणारा पट्टा किड्यांनी माखलेला असतो, त्याखालचा भाग बराचसा स्वच्छ. गाडीने आधीच बाजूला सारलेल्या हवेत जेवढा ट्रेलर लपतो, तेवढा फुकटात येतो. जो वर किंवा बाजूला उरतो, त्याचे पैसे पडतात. खोक्यासारख्या ट्रेलरच्या धारदार कडांवर हवा भिंत सोडून उसळते, आणि मागच्या चपट्या पाठीशी कमी दाबाची पोकळी तयार होते. ही पोकळी ट्रेलरला सतत मागे खेचत राहते. म्हणून पुढच्या कडा नुसत्या गोल केल्या तरी विरोध बराच घटतो. थेंबाच्या आकाराचा ठेंगणा ‘टीअरड्रॉप’ ट्रेलर एसयूव्हीच्या आडोशाला जवळपास पूर्ण लपतो. त्याचं ॲव्हरेज चांगलं येतं ते मुख्यतः यामुळे, त्याचं वजन कमी असतं हे त्यानंतर.

हे शहाणपण नवीन नाही. हॉली बोलस हा कॅलिफोर्नियातला ग्लायडर बनवणारा माणूस. लिंडबर्गने 1927 मध्ये ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला, त्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’च्या बांधणीवर रायन कंपनीत त्याची देखरेख होती. 1934 मध्ये त्याने ‘रोड चीफ’ नावाचा ट्रेलर काढला. ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट मारून जोडलेले, पुढून गोल, मागे निमुळता होत गेलेला, विमानाचं धडच जणू. कंपनी फार टिकली नाही, पण 1936 मध्ये वॉली बायमने एअरस्ट्रीमचा ‘क्लिपर’ बाजारात आणला तो याच धाटणीचा होता. बोलसचं दार पुढे, गाडीला जोडायच्या दांड्याच्या वर होतं. बायमच्या ट्रेलरमध्ये ते बाजूला आलं. इंजिनं आजच्या मानाने दुबळी असतानाच्या त्या काळात हवेला वाट करून देणं ही गरज होती. पुढे इंजिनं ताकदवान झाली आणि भिंती पुन्हा उभ्या-सपाट होत गेल्या, कारण चौकोनी खोलीत कपाटं नीट बसतात.

आकार एकदा विकत घेतला की बदलत नाही. वेग मात्र रोज आपल्या पायाखाली असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वरच्याच उदाहरणात 65 मैलांऐवजी 55 मैलांनी, म्हणजे ताशी 88 किलोमीटरने गेलं, तर सव्वाशे किलोंचा जोर शंभराच्या आत येतो. लिटरला आठच्या आत असलेलं ॲव्हरेज साडेनवाच्या पुढे जातं. कुठलंही महाग पेट्रोल, कुठलीही बाटलीतली ‘मायलेज वाढवणारी’ औषधं याच्या जवळपासही फिरकत नाहीत. तेलटंचाईच्या दिवसांत, 1974 मध्ये, अमेरिकेने देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा घातली होती ती याच गणितावर. ती 1995 मध्ये उठली. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना 55 ची मर्यादा आजही आहे, आणि ट्रेलरसाठी बनणाऱ्या खास टायरांपैकी पुष्कळ टायर 65 मैलांपर्यंतच्याच वेगासाठी असतात. वेग उतरवण्याला ॲव्हरेजपेक्षाही मोठं असं हे कारण आहे.

आता एक गंमत पाहा. जोर जवळपास दुप्पट झाला, पण पेट्रोल दुप्पट लागलं नाही. शंभर किलोमीटरला आठ लिटर लागायचे तिथे तेरा लागले. हे कसं? रिकाम्या रस्त्यावर मोकळं पळणारं पेट्रोल इंजिन खरं तर उधळं असतं. थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, अर्धवट मिटलेलं, त्यामुळे पिस्टनला हवा आत ओढतानाच कष्ट, शिवाय आतलं घर्षण ठरलेलं. लिटरभर पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. भार वाढला की थ्रॉटल उघडतं आणि तेच इंजिन जास्त काटकसरीने चालतं, हिस्सा तीस टक्क्यांच्या आसपास जातो. ट्रेलरचा काही भुर्दंड इंजिन असं स्वतःच भरून काढतं.

हे चालतं सपाटीवर. घाट लागला की चित्र पालटतं, आणि तिथे वजनही बोलू लागतं, इंधनही.

कोलोरॅडो राज्यातलं डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 1,609 मीटरवर आहे. तिथून पश्चिमेला रॉकी पर्वतात शिरणारा इंटरस्टेट 70 हा महामार्ग शंभरेक किलोमीटरच्या आत आयझेनहॉवर बोगद्यापाशी 3,401 मीटरवर चढतो. आपली गाडी आणि ट्रेलर मिळून 2,800 किलो. एवढं वजन अठराशे मीटर वर उचलायचं म्हणजे नुसत्या उंचीपोटी पाचेक लिटर पेट्रोल गेलं, रस्ता कापायचं वेगळंच. सहा टक्क्यांच्या चढावर ताशी 80 किलोमीटर टिकवायला सुमारे 70 अश्वशक्ती सतत लागते, सपाटीवरच्या जवळपास तिप्पट. त्यात बोगद्याच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांश उरलेला. टर्बो नसलेलं इंजिन तिथे ताकदीचा तिसरा हिस्सा गमावून बसतं. विरळ हवेने विरोधही घटतो, पण चढावर तो दिलासा पुरत नाही.

कोलोरॅडोतल्या पंपांवर तीन बटणं दिसतात: 85, 87 आणि 91. हे ऑक्टेनचे आकडे. सिलिंडरमध्ये ठिणगी पडल्यावर ज्योत शिस्तीने पसरायला हवी. भार फार असेल तर कोपऱ्यात राहिलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेट घेतं आणि टकटक ऐकू येते, तेच नॉकिंग. आकडा जितका मोठा, तितकं ते इंधन असं आपोआप पेटायला नाखूश. मोठ्या आकड्याच्या पेट्रोलमध्ये ऊर्जा जास्त असते हा समज चुकीचा आहे. (तिथला 87 म्हणजे आपल्या मोजमापाने साधारण 91, पद्धत निराळी, पेट्रोल त्याच जातीचं.) डोंगराळ भागात 85 विकायची चाल कार्बुरेटरच्या काळातली. विरळ हवेत सिलिंडरमधला दाबच कमी, म्हणून नॉकिंगची भीतीही कमी. आजचं टर्बो इंजिन मात्र ती विरळ हवा दाबून पुन्हा दाट करतं. अशा इंजिनात 85 भरून ट्रेलर घेऊन घाट चढणं हे त्याच्यावर अन्याय करणं आहे. सेन्सर नॉकिंग ओळखतो आणि ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही खाली जातात.

म्हणून माझं मत असं. मॅन्युअलमध्ये साधं पेट्रोल सांगितलं असेल आणि गाडी मोकळी असेल, तर महाग पेट्रोल हा वाया गेलेला पैसा आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या 2016 मधल्या चाचण्यांतही हेच दिसलं. पण टर्बो इंजिन, मागे ट्रेलर आणि समोर घाट असेल, तर ती एक टाकी चढ्या ऑक्टेनची भरावी. काही टर्बो गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढताना प्रीमियम भरण्याची सूचना असतेच.

इथेनॉलची कथा याच्याशीच जोडलेली आहे, आणि ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राला ती जवळची आहे. इथेनॉलचं ऑक्टेन चढं आहे, आणि सिलिंडरमध्ये वाफ होताना ते उष्णता शोषून घेतं, त्यामुळे भाराखाली नॉकिंग आवरतं. पण लिटरमागे त्याची ऊर्जा 21 मेगाज्यूल, पेट्रोलची 32. अमेरिकेतल्या ई85 या मुख्यतः इथेनॉल असलेल्या इंधनावर ॲव्हरेज पाव हिश्शाने उतरतं ते त्यामुळे. ट्रेलर मागे असताना टाकी आधीच लवकर संपते. पंप दूर दूर असलेल्या वाळवंटी राज्यांत ई85 वर अवलंबून राहू नये. आपल्या ई20 मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे सात टक्के कमी असते. चढ्या ऑक्टेनचा फायदा उचलण्यासाठीच घडवलेलं इंजिन यातलं काही परत मिळवतं, जुनं इंजिन नाही.

डिझेलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा बाराएक टक्के जास्त ऊर्जा, शिवाय इंजिनला थ्रॉटलचा जाच नाही. ओढकामाला त्याच्यासारखं इंधन नाही. पण अमेरिकेत डिझेल बहुधा साध्या पेट्रोलपेक्षा महाग असतं आणि डिझेल गाडीही महाग. वर्षाला दोन-चार सहलींसाठी छोटा ट्रेलर ओढणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

विजेच्या गाड्यांचं गणित सर्वांत स्वच्छ आहे. ट्रेलर जोडला की पल्ला जवळजवळ निम्मा होतो आणि लोक बॅटरीला नावं ठेवतात. बॅटरीचा यात काही दोष नाही. विजेची मोटर मोकळ्या रस्त्यावरही उत्तमच चालत असते, त्यामुळे भार वाढल्यावर सुधारायला तिच्याकडे जागाच नसते. जोर दुप्पट लागला, वीज दुप्पट गेली. घाट उतरताना मात्र ती चढावर खर्चलेली काही ऊर्जा बॅटरीत परत घेते, जी पेट्रोल गाडीच्या ब्रेकमध्ये नुसती तापून जाते. काहींनी आता ट्रेलरलाच बॅटरी आणि मोटर बसवली आहे, म्हणजे तो स्वतःला ढकलतो आणि पुढच्या गाडीचा पल्ला वाचतो. लाइटशिप या अमेरिकी कंपनीने 2023 मध्ये असा ट्रेलर दाखवला. एवढी बॅटरी हाताशी असूनही त्यांनी त्याचा वरचा भाग खाली बसणारा केला आहे. रस्त्यावर असेपर्यंत तो ठेंगणा राहतो, आणि मुक्कामी पोहोचल्यावरच छप्पर वर जातं.