टायर दिसतो, डिस्क दिसत नाही

रविवारी सकाळी भाचा पिकअप घेऊन दारात उभा. “आत्या, चल गे, आज रुंद टायर आणि अलॉय व्हील बसवून घेतो.” गाडीच्या कर्जाला मी जामीन आहे, त्यामुळे मुकाट्याने चप्पल घातली. रोज पहाटे तो बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला भाजी नेतो. पावसाळ्यात त्याच्या आईला त्या वेळी झोप लागत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही.

दुकानात काळी, चकचकीत अलॉय व्हील भिंतीला टांगलेली. मी कॉलेजात गणित शिकवते. आकडे दिसले की ते मांडून पाहिल्याशिवाय राहवत नाही. जुन्या टायरवर होतं 215/75 आर 15. म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, टायरच्या कडेची उंची रुंदीच्या 75 टक्के आणि आतली डिस्क 15 इंची. नवा टायर 235/75 आर 15. हिशेब केला: टायरचा व्यास 30 मिलिमीटरने, म्हणजे चार टक्क्यांहून थोडा अधिक वाढतो. मीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असेल. भरल्या गाडीला घाट चढताना ओढ कमी पडणार, उतरताना ब्रेकला जास्त राबावं लागणार.

“टायर दणकट आहे गे, बघ तरी!” भाचा म्हणाला. होताच. भाराचा आकडा 105, म्हणजे एका टायरला 925 किलो. जुन्याचा 106, म्हणजे 950. फरक फारसा नाही. मी जवळजवळ हो म्हणणार होते.

तेवढ्यात मिस्त्रींनी एक अलॉय व्हील उलटं करून दाखवलं. आतल्या बाजूला उठावाची अक्षरं: कमाल भार 690 किलो. मागच्या दोन चाकांचे मिळून 1380. गाडीच्या कागदावर मागच्या एक्सलचा भार त्याहून कितीतरी जास्त! “ब्याड्री म्याडम, इदु लोडिन गाडी,” मिस्त्री म्हणाले. दगडावर आपटली तर लोखंडी डिस्क बहुधा वाकते, अलॉय तडकू शकते. शिवाय डिस्क मूळ मापापेक्षा बाहेर आली की बेअरिंगवर ताण येतो, तो वेगळाच. आपला माल विकायचा सोडून गिऱ्हाइकाला परावृत्त करणारा माणूस मी बऱ्याच दिवसांनी पाहिला.

कायद्याचीही अडचण आहेच. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाने मनाई आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. उद्या काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि हप्ते जामीनदाराच्या दारात!

शेवटी जुन्याच मापाचे चार नवे टायर घेतले आणि मूळच्या डिस्कना काळा रंग दिला. सोमवारी गोव्याहून येताना त्याने दोन नारळ आणले, ओट्यावर ठेवले आणि न बोलता निघून गेला.