झाडावरचे बिऱ्हाड

काही वर्षांपूर्वी सांगलीहून आमच्या महाविद्यालयाची सहल महाबळेश्वरला गेली होती. एका जुन्या जांभळाच्या फांदीवर जाड पानांचा झुबका वाढलेला होता. "सर, बांडगूळ!" असे म्हणत एका विद्यार्थ्याने तो उपटलाही. झाडावर उपकार केल्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर होते.

सोबतच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी झुबका हातात घेतला आणि ते हळहळले. ते बांडगूळ नव्हते, आमर म्हणजे ऑर्किड होते. बांडगूळ आपली शोषक मुळे झाडाच्या आत घुसवून पाणी व क्षार ओढते. आमराची मुळे सालीला नुसती धरून राहतात. आमर, कित्येक नेचे, शेवाळी, आणि गोड्या मसाल्यातले दगडफूलसुद्धा झाडावर केवळ बिऱ्हाड करतात; घरमालकाच्या ताटातले खात नाहीत. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात.

मी पदार्थविज्ञान शिकवणारा. माझे लक्ष मुळांकडे गेले. ती चांदीसारखी पांढरी होती. पण त्यांवर पाणी शिंपडताच ती पाहता पाहता हिरवी झाली! असे का व्हावे?

आधी झाडावर राहण्याचे कारण पाहू. दाट रानात जमिनीवर ऊन फार थोडे पोहोचते. फांदीवर ऊन मिळते, पण माती नसते. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ५,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. सांगलीत त्याच्या साधारण दशांशाइतकाच. मग तेथे पाण्याची चणचण कसली? तर हा पाऊस मुख्यतः चार महिन्यांत पडतो आणि सालीवरचे पाणी लगेच ओघळून जाते. फांदीवरच्या रोपाला उरलेले महिने वाळवंटासारखेच.

म्हणून आमराच्या मुळांवर मृत, पोकळ पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. त्याला व्हेलामेन म्हणतात. टीपकागद शाई टिपतो तसे हे आवरण केशाकर्षणाने पाणी चटकन शोषते. पावसाच्या पहिल्या सरी पाने आणि साल धुऊन क्षार आणतात, तेही त्याबरोबर मिळतात. पुढे हे पाणी अनेक आमरे फुगीर खोडांत आणि जाड पानांत साठवतात. काही तर दिवसा पर्णरंध्रे मिटून ठेवतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात. त्यामुळे बाष्प कमी उडते.

आता रंगाचे कोडे. घरी एक प्रयोग करा. पांढऱ्या कागदावर हिरव्या मेणखडूने जाड रेघ ओढा. तिच्यावर कोरड्या टीपकागदाचा तुकडा ठेवा. रेघ झाकली जाईल. आता त्यावर पाण्याचे चार थेंब टाका. रेघ दिसू लागेल.

कोरड्या कागदात तंतूंच्या मध्ये हवा असते. हवेचा अपवर्तनांक १.००, तर तंतूंचा सुमारे १.५. एवढ्या फरकामुळे प्रत्येक सीमेवर प्रकाश वळतो, परततो आणि सर्व रंग सारखेच विखुरतात. म्हणून कागद पांढरा दिसतो. हवेची जागा पाण्याने घेतली की अपवर्तनांक १.३३ होतो. फरक घटतो, विखुरणे कमी होते आणि प्रकाश आरपार जातो. मुळाचेही तसेच. व्हेलामेनखाली हरितद्रव्य असते. आवरण भिजले की ते दिसते. म्हणजे पाणी मिळताच मुळाच्या आतही अधिक प्रकाश पोहोचतो!

आमराचे बी धुळीच्या कणाएवढे असते. त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतो. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. वाढही फार सावकाश होते. म्हणून उपटलेल्या झुबक्याची जागा लवकर भरून निघत नाही. कोयना आणि चांदोलीची राने २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. तेथे एखादा जुना वृक्ष टिकला, तर त्याच्या अंगाखांद्यावरची सारी वस्ती टिकते.

या वनस्पतींची ओळख आता घरबसल्याही करून घेता येते. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर १९०१ ते १९०८ या काळात लिहिलेला ग्रंथ इंटरनेटवर मोफत वाचता येतो, आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर छायाचित्रे पाहता येतात.

आम्ही तो झुबका सुतळीने पुन्हा फांदीला बांधला. तुम्हांला असे झाड दिसले, तर उपटू नका. सालीवरून पसरलेली पांढरी मुळे शोधा, त्यांवर पाण्याचा एक थेंब टाका आणि पाहा. मूळ हिरवे झाले, तर ते बांडगूळ नव्हे.