वजन उतरलं म्हणून तपासणी सोडू नका. लठ्ठपणाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांची गाठ आयुष्यभराची

मंद्रूप (ता. दक्षिण सोलापूर) : लठ्ठपणाचं ऑपरेशन म्हणजे मुंबई-पुण्याच्या पैसेवाल्यांचं काम, असं पूर्वी वाटायचं. तेव्हा भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असलेले नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा त्याची पेपरात चर्चा झाली. आता शुगर, बीपी आणि गुडघ्यांना वैतागलेली गावाकडची माणसंही या ऑपरेशनची चौकशी करतात.

अडचण ऑपरेशनात कमी आणि नंतर जास्त आहे. माणूस चार-आठ दिवसांत घरी येतो. सहा महिन्यांत कपडे ढिले होतात, भावकीत कौतुक होतं. मग वाटतं, तब्येत चांगली आहे, आता पुण्याची खेप कशाला? अडीचशे किलोमीटर जायचं, दिवस मोडायचा, रक्त तपासणीचे पैसे वेगळेच. एक तारीख चुकते, दुसरी चुकते आणि फाईल कपाटात जाते.

२०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद ही सुमारे ५०० किलो वजनाची महिला मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आली होती. टीव्हीवर सगळ्यांनी ते पाहिलं. मार्चमध्ये ऑपरेशन झालं, मे महिन्यात पुढच्या उपचारासाठी तिला अबुधाबीला नेलं आणि सप्टेंबरमध्ये ती वारली. तिचे आजार फार वेगळे आणि जुने होते, त्यामुळं तिच्यावरून कुणी घाबरून जाऊ नये. पण ऑपरेशन झालं म्हणजे उपचार संपले असं नसतं, एवढं त्यातून दिसलं.

या ऑपरेशनचे मुख्य दोन प्रकार. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्त कापून काढतात आणि केळ्यासारखी नळी ठेवतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हीत खाणं कमी होतं. बायपासमध्ये तर खाल्लेल्या अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वंही अंगी कमी लागतात. हा बदल कायमचा आहे, म्हणून गोळ्याही कायमच्या.

बी-१२ चं उदाहरण घ्या. ते अंगी लागायला जठरात तयार होणारा एक घटक लागतो आणि ऑपरेशननंतर तोच कमी पडतो. पण यकृतात बी-१२ चा जुना साठा असतो, पेवातल्या ज्वारीसारखा. तो दोन-तीन वर्षंही पुरतो. तोवर माणसाला काहीच जाणवत नाही. पेव रिकामं झालं की हातापायाला मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा सुरू होतो. उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही. रक्त तपासलं तर हे आधीच कळतं. आपल्याकडं बरेच जण शाकाहारी, त्यांच्यात बी-१२ मुळातच कमी असतं. त्यांनी तर हयगय करूच नये.

बी-१ चं उलट आहे. त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. ऑपरेशननंतर सारखी उलटी होत असेल तर तो झटक्यात संपतो. अशा वेळी आपण काय करतो? जवळच्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेतो. त्यात ग्लुकोज असेल आणि आधी बी-१ दिलेलं नसेल तर उरलंसुरलं बी-१ ही वापरलं जातं आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो. एकाचे दोन दिसणं, चालताना झोक जाणं, असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं. घरचे मग 'बाहेरचं' बघायला जातात आणि मोलाचे दिवस त्यातच जातात. म्हणून सलाईन लावण्याआधीच सांगायचं : पोटाचं असं ऑपरेशन झालंय, आधी बी-१ चं इंजेक्शन द्यायचं का बघा. गावातल्या डॉक्टरला आपण सांगितल्याशिवाय ते कळणार कसं?

दुसरी सवय मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणण्याची. खुरपणीनंतर कंबर धरली की डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेतलं, असं चालतं. बायपास झालेल्यांना या गोळ्यांनी जोडाच्या ठिकाणी अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. बिडी-सिगारेटनंही तेच. दुखण्यावर काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. बायपासनंतर पोटात अचानक जोराची कळ आली तर, ऑपरेशनला चार वर्षं झाली असली तरी, घरी ओवा खात बसू नये. आतडं अडकलेलं असू शकतं.

शुगर-बीपीच्या जुन्या गोळ्यांचंही तसंच. वजन उतरताना औषधाची गरज पटकन कमी होते. जुनाच डोस चालू ठेवला तर शुगर एकदम खाली जाऊन चक्कर येते. डोस कमी करणं किंवा बंद करणं डॉक्टरांचं काम, आपलं नव्हे.

साधारणपणे पहिल्या वर्षी एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी तपासणी असते, पुढं दरवर्षी. त्यात हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, शुगर, यकृत आणि किडनी बघतात. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवावं. लोहाच्या गोळीवर चहा तर नकोच. ताटात आधी डाळ, मटकी, दही, अंडं. भाकरी मागून, थोडी आणि बारीक चावून. जेवताना पाणी नको. गुळाचा चहा, उसाचा रस प्यायल्यावर घाम आणि धडधड होत असेल तर तो ऑपरेशनचाच परिणाम, घाबरू नये पण टाळावं. लग्न झालेल्या मुलींनी वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत. पाळणा लांबवण्याच्या गोळ्या बायपासनंतर कमी लागू पडू शकतात, त्यामुळं दुसरा उपाय विचारून घ्यावा.

दोन-तीन वर्षांनी थोडं वजन परत वाढतं. लाजून लोक दवाखान्यात जाणंच बंद करतात. खरं तर तेव्हाच जायला पाहिजे, कारण सुरुवातीला ते आवरता येतं.

दर वेळी पुण्या-मुंबईला पळायलाच पाहिजे असं नाही. रक्त सोलापुरात देता येतं, रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवून ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांशी फोनवर बोलता येतं का, ते आधी विचारून ठेवावं. सरकारच्या ई-संजीवनीवरही डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्येही. ऑपरेशन स्लीव्हचं की बायपासचं, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.