रात्रीची लाइन आणि ‘सवय’

उन्हाळी धानाचा हंगाम आला की अर्जुनी मोरगावकडे एक वाक्य हमखास कानावर पडतं: “रात्रीची लाइन असली म्हणून काय झालं? शेतकऱ्याच्या अंगाला सवय असते.” बोलणारे खुशाल बोलतात आणि ज्याला रात्री बांधीत पाणी द्यायचं असतं तोही मान डोलावतो. हे साफ खोटं आहे. दरवर्षी ऐकून आता राग येतो.

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनला घड्याळ थेट तीनवर नेतात. युरोपातही महिनाअखेरीस तेच. फरक एका तासाचा. तरी २००८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये स्वीडनमधल्या नोंदींचा अभ्यास छापून आला, त्यात घड्याळ पुढे केल्यानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराचे झटके सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेले दिसले. आणि आपल्याकडे? कृषिपंपांची थ्री फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. इथे झोप सात-आठ तास सरकते. अंग जरा रुळतंय तोवर पाळी पुन्हा उलटते.

मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, पेशींचा एक बारीक पुंजका असतो. झोप, शरीराचं तापमान, भूक यांचा दिवसरात्रीचा ताल तो सांभाळतो. असं घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं, हे उलगडणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ मुख्यतः उजेडावर लागतं, निग्रहावर नाही. ते दिवसाला साधारण तासभर सरकतं, तेही रोज ठरल्या वेळी उजेड आणि ठरल्या वेळी अंधार मिळाला तर. आता रात्रभर बॅटरी घेऊन धुऱ्याधुऱ्याने फिरलेला माणूस बघा. सकाळी तो उन्हातूनच घरी येतो. ते ऊन मेंदूला सांगतं, दिवस उजाडला. घड्याळ जिथल्या तिथे राहतं. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्या बहुतेक कामगारांचंही ते पूर्ण उलटत नाही. आपण सवय म्हणतो, ते झोप दाबून धरणं असतं.

पहाटे तीन ते पाच या वेळात शरीर सर्वात थंड आणि मन सर्वात मंद असतं. नेमक्या त्याच वेळी ओल्या हाताने स्टार्टर दाबला जातो, धुऱ्यावरचा साप दिसत नाही. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगत तर एवढ्यावरच भागत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. झाडीपट्टीचं नाटक रात्रभर पाहूनही ताजंतवानं वाटतं, म्हणून झोप लागतच नाही? रंगात आल्यावर झोप लांबते, टळत नाही. वडशाहून पहाटे मोटारसायकलने परतताना ती गाठते. दिवसाची झोप रात्रीइतकीच? नाही, ती तुटक आणि अपुरी होते, तरी घ्यावीच. चहाने झोप उडते? त्यातलं कॅफिन अर्धं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणून पहाटेचा चहा सकाळची झोप खातो. दारूने गाढ झोप लागते? लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते. भारतात घड्याळं कधी पुढे केलीच नव्हती? महायुद्धात १९४२ ते १९४५ ती तासभर पुढे होती.

रात्रीची पाळी असेल तर संध्याकाळी दीडेक तास झोपून घ्या. चहा रात्रीच्या सुरुवातीलाच प्या. परतताना दुपट्टा कपाळावर ओढा, घरी पोचल्यावर थोडंच खा आणि खोलीत अंधार करून पडा. मोटार लावून पोराला धुऱ्यावर बसवू नका, त्याला सकाळी शाळा असते. दिवसाची पाळी लागली की पहिल्याच सकाळी उन्हात या. अमेरिकेत राहणाऱ्या तुमच्या भाच्या-पुतण्यांनाही हाच नियम लागू: मार्चमध्ये चार दिवस आधीपासून रोज पंधरा मिनिटं लवकर झोपावं आणि उठल्या उठल्या उजेडात जावं.

पण हे सगळे उपाय तात्पुरते. खरा उपाय दिवसा वीज. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ही २०२३ मध्ये त्यासाठीच आली. तुमच्या फीडरला ती पोचली नसेल तर ग्रामसभेच्या ठरावात झोपेचा मुद्दा लिहा, आणि “सवय आहे” असं म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.