काशीदची छत्री आणि ‘फुकटचं एचडी’

‘गच्चीवर अँटेना लावा, एचडी फुकट दिसतं,’ असं अमेरिकेतल्या भाच्याने सांगितलं असेल, तर तो खोटं बोलत नाही. तिथली मोठी टीव्ही केंद्रं 12 जून 2009 पर्यंत डिजिटल झाली आणि शहरात साध्या अँटेनावर मुख्य वाहिन्या एचडीत दिसतात. कोकण किनाऱ्यावरच्या आपल्या काशीदला मात्र हे जमणार नाही. प्रसार भारतीने मोजके सोडून बाकीचे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर 2022 पर्यंत बंद केले आणि जमिनीवरून होणारं डिजिटल प्रक्षेपण मुंबईसारख्या निवडक शहरांपुरतंच राहिलं. माळ्यावरचा जुना अँटेना खुशाल भंगारात द्या.

आपल्याकडे फुकट टीव्ही म्हणजे 2004 साली सुरू झालेली दूरदर्शनची डीटीएच सेवा, आजची डीडी फ्री डिश. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, पुढे रिचार्ज नाही. पण टीव्ही एचडी आहे म्हणून चित्रही एचडी, असं होत नाही. फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या आहेत. तेच चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं की चेहरे मऊ, पुसट दिसतात. दूरदर्शनच्या मोजक्या वाहिन्या एचडीत आहेत, त्यासाठी एमपेग-4 एचडी बॉक्स आणि एचडीएमआय केबल लागते. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या वायरीतून एचडी येतच नाही.

समुद्राकडे आकाश मोकळं, म्हणून छत्री तिकडे वळवायची, हाही घोटाळा होतो. फ्री डिशचा जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणजे काशीदहून छत्रीने समुद्राकडे पाठ करून आग्नेयेला, बरीच वर बघायला हवं. गावामागचे फणसाडचे डोंगर तिला आडवे येत नाहीत, शेजाऱ्याचा माड येऊ शकतो. खाऱ्या हवेत एलएनबीचा, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीचा, जोड गंजतो. चित्र अडखळू लागलं की आधी तो तपासा.

‘पावसात फुकटवाली बंद पडते, पैसेवाली चालते,’ हे तर साफ चूक. खासगी डीटीएचही त्याच केयू बँडवर येतं, मुसळधार सरीत दोन्ही गप्प होतात. केबलवाला बहुतेक वाहिन्या पावसाला कमी दबणाऱ्या सी बँडवर घेतो, म्हणून त्याचं पावसात जास्त टिकतं.

क्रिकेटची गंमत वेगळीच. 2007 च्या कायद्याने खासगी वाहिन्यांना भारताचे महत्त्वाचे सामने दूरदर्शनला द्यावे लागतात. पण 22 ऑगस्ट 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ते प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यापुरतं आहे. म्हणजे खासगी डीटीएचला दरमहा पैसे भरूनही दूरदर्शनवर तो सामना दिसेलच असं नाही, फुकटवाल्याला मात्र दिसतो! आयपीएल या कायद्याखाली येत नाही, हेही लक्षात ठेवा.

छत्री घेण्याआधी घरात संध्याकाळी काय लागतं ते बघा. झी मराठी, स्टार प्रवाहच्या मालिका हव्या असतील तर पैसे मोजावेच लागतील. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी, बातम्या आणि भारताचे सामने एवढ्यावर भागत असेल, तर फ्री डिश घ्या. दुकानात बॉक्स मात्र एमपेग-4 एचडीचाच मागा.