गल्ला भरला, पण माणसे कुठे गेली?

कोरोनाच्या महामारीतून सिनेमागृहे सावरली, असे सिनेधंद्यातील पंडित सांगतात. त्यांच्याकडे आकडेही आहेत. 'ऑरमॅक्स मीडिया' या संस्थेच्या अहवालांनुसार २०१९ साली देशातील सिनेमागृहांचा एकूण गल्ला १०,९४८ कोटी रुपये होता. २०२३ साली तो १२,२२६ कोटींवर गेला. महामारीपूर्वीचा आकडा मागे पडला आणि धंद्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

परंतु त्याच अहवालांत दुसराही एक आकडा आहे. २०१९ साली १०३ कोटी तिकिटे विकली गेली होती. २०२३ साली ९४ कोटी ३० लाख आणि २०२४ साली तर फक्त ८८ कोटी ३० लाख. म्हणजे गल्ला वाढला आणि तिकिटे घटली. साधा भागाकार करून पाहावा. २०१९ मध्ये एका तिकिटाची सरासरी किंमत १०६ रुपये पडते, २०२३ मध्ये १३० रुपये. जे गेले त्यांची भरपाई जे राहिले त्यांच्या खिशातून झाली, एवढाच या 'सावरण्या'चा अर्थ आहे.

मग गेले ते कोण? ज्याच्याकडे गाडी आहे, बँकेचे कार्ड आहे, तो गेलेला नाही. तो मॉलमध्ये बसून पॉपकॉर्न खातो आहे. गेला तो तालुक्याच्या गावी खिडकीसमोर रांग लावून स्टॉलचे तिकीट काढणारा. गेला तो हमाल, रिक्षावाला, वीटभट्टीवरचा मजूर, झोपडपट्टीतला पोरगा. म्हणजेच बहुजन समाज, आणि त्यातही आपला समाज. सिनेमाच्या यशाचे भाकीत करताना हा माणूस आज हिशेबातच धरला जात नाही. आमचा मुद्दा तोच आहे.

भाकीत कसे होते?

पूर्वी सिनेमा चालणार की पडणार हे वितरक सांगत असे. विदर्भाच्या धंद्याचे नाव अजूनही 'सीपी बेरार' असेच आहे आणि अमरावती, भुसावळ ही वितरणाची जुनी ठाणी. तिथला वितरक थिएटरवाल्याला विचारायचा, थिएटरवाला गेटकीपरला विचारायचा. पहिल्या खेळाला स्टॉलमध्ये शिट्टी कुठे वाजली, मध्यंतरात लोक काय बोलत होते, दुसऱ्या दिवशी बाया आल्या की नाहीत, यावरून अंदाज बांधला जायचा. त्या अंदाजात चुका होत्या, पण माणसे होती.

आज अंदाज यंत्र बांधते. ट्रेलर किती जणांनी पाहिला, मोबाईलवर किती जणांनी 'इंटरेस्टेड'चे बटण दाबले, आगाऊ तिकिटे किती गेली, नायकाचा मागचा सिनेमा किती चालला, सुट्टी कोणती आहे, पडदे किती आहेत, या साऱ्यांचा गुणाकार करून पहिल्या दिवसाचा आकडा काढतात. पहिल्या दिवसावरून पहिला आठवडा आणि त्यावरून एकूण गल्ला. पद्धत शास्त्रीय दिसते. पण शास्त्राला जे मोजायला दिले तेवढेच ते मोजते. ऐनवेळी खिडकीवर रोख पैसे देणारा माणूस आगाऊ तिकिटात दिसणार कसा?

महामारीने तर या गणिताचा पायाच उखडला. महाराष्ट्रातील सिनेमागृहे मार्च २०२० मध्ये बंद झाली, नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या क्षमतेने उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी परत निम्म्या क्षमतेने सुरू झाली. जुनी आकडेवारी निरुपयोगी ठरली. म्हणूनच त्या काळातली भाकिते धडाधड कोसळली. 'लाल सिंग चढ्ढा' ऑगस्ट २०२२ मध्ये आला. एवढा मोठा नायक, मोठे भांडवल, पण देशात साठ कोटींच्या आसपास येऊन थांबला. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर आलेला 'कांतारा' हा कमी खर्चाचा कन्नड सिनेमा देशभर शेकडो कोटींचा धंदा करून गेला. 'पठाण'वर बहिष्काराची हाकाटी झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने जगभरात हजार कोटींचा टप्पा ओलांडला. ३० जून २०२३ रोजी आलेल्या 'बाईपण भारी देवा' या मराठी सिनेमात तरुण नायक नव्हता, मारामारी नव्हती, सहा बहिणींची गोष्ट होती. बाया घोळक्याने आल्या, मैत्रिणींना, सासवांना घेऊन आल्या, आणि गल्ला नव्वद कोटींच्या घरात गेला. या बाया कोणत्या यंत्राला आधी दिसल्या होत्या?

भाकीत हे निष्पाप नसते

एखाद्याचे भाकीत चुकले तर आपल्याला काय, असे वाचक विचारतील. फरक पडतो, आणि फार पडतो. कारण भाकीत हे नुसते भाकीत राहत नाही, त्यावरच पडद्यांचे वाटप होते. ज्या सिनेमाचा अंदाज मोठा, त्याला सायंकाळचे खेळ. ज्याचा अंदाज लहान, त्याला सकाळी नऊचा किंवा दुपारी एकचा खेळ. दुपारी एक वाजता मजूर कामावर असतो आणि पोरगा कॉलेजात असतो. खुर्च्या रिकाम्या राहतात. सोमवारी मल्टिप्लेक्सचा व्यवस्थापक आकडे पाहतो आणि तेही खेळ काढतो. मग पंडित म्हणतात, पाहा, आमचे भाकीत खरे ठरले! आधी भाकरी द्यायची नाही आणि नंतर म्हणायचे, हा अशक्तच होता. वर्णव्यवस्थेने शतकानुशतके हेच केले. पात्रता आधी ठरवायची, संधी नंतर नाकारायची आणि शेवटी अपयशाचे खापर त्याच्याच डोक्यावर फोडायचे.

'झुंड'चे उदाहरण घ्या. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणारे विजय बारसे यांच्या कार्यावर नागराज मंजुळे यांनी हा सिनेमा काढला. त्यात अमिताभ बच्चन आहेत, वस्तीतली भीमजयंती आहे, बाबासाहेबांची प्रतिमा आहे. तो ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. योगायोग असा की, मुंबई, पुणे, नागपूरसह १४ जिल्ह्यांतील सिनेमागृहे त्याच दिवसापासून पूर्ण क्षमतेने भरण्यास राज्य सरकारने परवानगी दिली होती. उरलेल्या जिल्ह्यांत मर्यादा कायम होती. त्याच शुक्रवारी हॉलिवूडचा 'द बॅटमॅन' आला. पुढच्या शुक्रवारी 'द काश्मीर फाइल्स' आला.

हा दुसरा सिनेमा सुमारे सहाशे पडद्यांवर सुरू झाला आणि पहिल्या दिवशी साडेतीन कोटींच्या आसपास त्याची कमाई होती. मग पंतप्रधानांनी पक्षाच्या संसदीय बैठकीत त्याची तारीफ केली. मध्य प्रदेश, गुजरात, हरियाणा, उत्तर प्रदेश, गोवा अशा राज्यांनी तो करमुक्त केला. पडदे काही पटींनी वाढले आणि गल्ला अडीचशे कोटींपर्यंत गेला. 'झुंड'च्या निर्मातीने तेव्हा जाहीरपणे विचारले की, आमचा सिनेमा करमुक्त का नाही? त्याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. सत्तेचा हात डोक्यावर असेल तर भाकीतही बदलते, हे यंत्राच्या कोणत्या सूत्रात बसवणार?

'झुंड' तीन तासांचा होता, त्यामुळे दिवसाचे खेळ कमी बसतात, असे धंदेवाले म्हणतात. ते खोटे नाही. पण त्याच दिग्दर्शकाचा 'सैराट'ही तीन तासांना टेकलेला होता. २०१६ साली त्याने शंभर कोटींचा टप्पा गाठला, तोवर मराठी सिनेमाने न पाहिलेला. तेव्हा तालुक्याची थिएटरे जिवंत होती, काही गावांत मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले होते. २०१६ ते २०२२ या सहा वर्षांत फरक लांबीचा पडला नाही, प्रेक्षक जिथे बसत होता त्या जागेचा पडला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पा. रंजित यांचा 'सारपट्टा परंबरै' आणि सूर्याचा 'जय भीम' हे दोन्ही सिनेमे २०२१ मध्ये थिएटरात न येता थेट मोबाईलवर आणि टीव्हीवर आले. देशभर गाजले, पण गल्ल्याच्या वहीत त्यांच्या नावापुढे शून्य आहे. उद्या अशाच विषयावर कोणी सिनेमा काढू म्हणेल, तेव्हा वही उघडून सांगितले जाईल की, अशा सिनेमांचा धंदा दिसत नाही.

तारीख कोणाची?

सुट्टी आणि सण पाहून तारीख ठरते. दिवाळी, ईद, नाताळ यांचे हिशेब मांडले जातात. पण ११ एप्रिल ते १४ एप्रिल, महात्मा फुले जयंती ते बाबासाहेबांची जयंती, या चार दिवसांत महाराष्ट्रात लाखो माणसे कुटुंबासह घराबाहेर पडतात, हा हिशेब कोणी मांडतो का? 'फुले' हा हिंदी सिनेमा नेमका ११ एप्रिल २०२५ रोजी यायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर बोर्डाने जातिवाचक शब्द आणि 'पेशवाई' हा शब्द बदलायला लावला, आणि सिनेमा २५ एप्रिलला आला. जयंती निघून गेली. ज्या चार दिवसांवर त्याचा गल्ला उभा राहू शकला असता, तेच दिवस हिरावले गेले. नंतर त्याच्या कमी कमाईची चर्चा मात्र सर्वांनी केली.

तमिळनाडूकडे पाहा. तिथे तिकिटाची कमाल किंमत सरकार ठरवते. मारी सेल्वराज यांचा 'कर्णन' ९ एप्रिल २०२१ रोजी आला आणि दुसऱ्याच दिवसापासून निम्म्याच खुर्च्या भरण्याचा नियम लागू झाला. तरी सिनेमा चालला. २०२३ मध्ये त्यांचा 'मामन्नन' चालला. दलितांची गोष्ट चालत नाही, हे भाकीत तिथे खोटे ठरले आहे. कारण ती गोष्ट ज्याची आहे त्याला तिकीट परवडते.

आपल्याकडे काय आहे? पीव्हीआरचे सरासरी तिकीट २०१९-२० मध्ये २०४ रुपये होते. आयनॉक्सशी विलीन झाल्यावर २०२३-२४ मध्ये ते २५९ रुपये झाले, आणि खाण्यापिण्यावर माणशी १३२ रुपये. चौघांच्या कुटुंबाला दीड हजारावर खर्च. रोजंदारीवर जगणाऱ्याने किती दिवसांची मजुरी द्यावी? २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. निर्णय चांगला आहे. पण शंभर रुपयांचे तिकीट मिळणारे थिएटर गावात उरले तर त्याचा उपयोग.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. सिनेमाचे यश रुपयांत मोजले जाते तसे ते माणसांतही मोजले जावे आणि तिकिटांची संख्या दर आठवड्याला जाहीर व्हावी. मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमे दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत दाखवण्याचा निर्णय राज्य सरकारने २०१५ साली घेतला होता, त्याची अंमलबजावणी कोणत्या सिनेमांच्या बाबतीत होते हे तपासले जावे. तालुक्यातील एकपडदा थिएटरांना शंभर रुपयांच्या आतील तिकिटाच्या अटीवर सरकारने मदत करावी.

आणि समाजालाही आम्ही दोन शब्द सांगू. आपला सिनेमा आला की पहिल्या दोन दिवसांत मोबाईलवर चोरीची प्रत शोधणारे आपल्यातही कमी नाहीत. 'जय भीम' म्हणून ती प्रत पुढे पाठवली जाते. त्याने सिनेमा आपल्यापर्यंत पोहोचतो, पण आपण मोजणीपर्यंत पोहोचत नाही. जयंतीसाठी मंडळे जशी वर्गणी काढतात, तशी एका सिनेमासाठी वस्तीने काढावी. बुधवारी, गुरुवारी एकत्र तिकिटे नोंदवावीत, शुक्रवारी सायंकाळचा खेळ मागावा आणि तो भरून दाखवावा. यंत्राला आगाऊ तिकीटच कळते ना? मग त्याला आपली संख्या कळू द्या. जनगणनेत नाव नोंदवायला आपण जागरूक असतो, तशी हीही एक गणना आहे. तिच्यात आपण नसलो, तर उद्या पडद्यावरही नसू.